मानव विकास आणि शासन: आकडा धरून कार्यालय गाठण्याची पद्धत

मानव विकास निर्देशांक, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र धरून लोकांचं जगणं मोजणारा आकडा, भूगोलाच्या नाहीतर अर्थशास्त्राच्या पुस्तकात येतो, ग्रामसभा आणि विधिमंडळ राज्यशास्त्राच्या. दोन पुस्तकं, दोन तास, दोन वेगळ्या वह्या. त्यामुळे निर्देशांकाची व्याख्या पाठ, पंचायतींची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्तीही पाठ, पण गावातल्या मुलीची शाळा सातवीनंतर का सुटली असं विचारलं की विद्यार्थी गप्प होतो. खरं तर त्या एका प्रश्नात दोन्ही प्रकरणं आहेत. विकासाचा प्रत्येक आकडा कुठल्या तरी कार्यालयाच्या कारभारातून सुधारतो किंवा बिघडतो. म्हणून आकडा आणि कार्यालय जोडीनेच शिकावं, असं माझं ठाम मत आहे. अकरावी-बारावीचे विद्यार्थी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेले आणि स्पर्धा परीक्षांची सुरुवात करणारे, सगळ्यांना खालच्या क्रमाने जाता येईल.

पहिली पायरी: वाढ आणि विकास यांत गल्लत करू नका

देशात वर्षभरात किती माल आणि सेवा तयार झाल्या ते स्थूल देशांतर्गत उत्पादन सांगतं. ते वाढलं म्हणजे आर्थिक वाढ झाली. पण तालुक्यात नवी एमआयडीसी उभी राहिली आणि त्याच तालुक्यात रात्री कळा सुरू झालेल्या बाईला वेळेवर गाडी मिळाली नाही, तर तिच्या वाट्याला त्या वाढीतलं काय आलं? हाच प्रश्न पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी लावून धरला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, म्हणजे यूएनडीपीचा, पहिला मानव विकास अहवाल १९९० साली निघाला तो त्यांच्या पुढाकाराने. त्यामागे अमर्त्य सेन यांची क्षमतांची मांडणी होती.

सेन यांचं म्हणणं असं, की माणसाकडे काय आहे याच्यापेक्षा तो काय करू शकतो आणि कसं जगू शकतो हे पाहा. त्यांचंच एक उदाहरण आपल्या घरात लगेच पटतं. एक जण स्वतःहून उपवास करतो आणि दुसऱ्याच्या घरात दाणाच नाही. दोघांचंही पोट रिकामंच. पण पहिल्यासमोर जेवणाचा पर्याय होता, त्याने तो नाकारला. दुसऱ्याला पर्यायच नव्हता. विकास म्हणजे असे खरेखुरे पर्याय वाढणं. समता, शाश्वतता, उत्पादकता आणि सक्षमीकरण हे चार आधारस्तंभ पाठ्यपुस्तकात आहेतच. हे उदाहरण नीट समजलं असेल तर ते चार शब्द घोकावे लागत नाहीत.

दुसरी पायरी: निर्देशांक स्वतःच्या हाताने काढा

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि तिथेच सगळं पाठांतरावर येतं. एकदा वहीत गणित मांडून पाहा. अर्धा तास लागेल.

निर्देशांक तीन गोष्टी मोजतो: दीर्घ आणि निरोगी आयुष्य, ज्ञान आणि राहणीमान. यूएनडीपीच्या २०२५ च्या अहवालात भारताचे आकडे २०२३ सालचे आहेत. जन्मावेळचं अपेक्षित आयुर्मान ७२ वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं १३, सरासरी शालेय वर्षं ६.९ आणि क्रयशक्तीनुसार (म्हणजे देशादेशांतल्या किमतींतला फरक धरून) दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्न ९,०४७ डॉलर.

प्रत्येक गोष्टीला एक किमान आणि एक कमाल मर्यादा ठरलेली आहे. आयुर्मानासाठी किमान २० आणि कमाल ८५. म्हणून आरोग्याचा निर्देशांक: (७२ − २०) ÷ (८५ − २०), म्हणजे ५२ ÷ ६५ = ०.८००.

शिक्षणात दोन भाग, दोन्हींची किमान मर्यादा शून्य. अपेक्षित वर्षांची कमाल मर्यादा १८, म्हणून १३ ÷ १८ = ०.७२२. सरासरी वर्षांची कमाल मर्यादा १५, म्हणून ६.९ ÷ १५ = ०.४६०. दोघांची सरासरी ०.५९१.

उत्पन्नाला किमान १०० डॉलर आणि कमाल ७५,००० डॉलर. इथे आकडे सरळ न घेता त्यांचे लॉग (दहाच्या पायाचे लॉगरिथम) घेतात. कारण साधं आहे. वर्षाला हजार डॉलरवर भागवणाऱ्या माणसाला आणखी हजार मिळाले तर घरातलं जेवण बदलतं, मुलांची शाळा टिकते. सत्तर हजारवाल्याला तेच हजार मिळाले तर फारसा फरक पडत नाही. लॉग घेतल्याने हा फरक गणितात उतरतो. ९,०४७ चा लॉग ३.९५६५, शंभराचा २, पंचाहत्तर हजाराचा ४.८७५१. म्हणून १.९५६५ ÷ २.८७५१ = ०.६८१.

आता तिन्हींचा गुणाकार: ०.८०० × ०.५९१ × ०.६८१ = ०.३२२. याचं घनमूळ काढलं की ०.६८५. अहवालातही भारतासमोर हाच आकडा छापलेला आहे, १९३ देशांत १३० वा क्रमांक. ०.५५० च्या खाली निम्न, ०.७०० च्या खाली मध्यम, ०.८०० च्या खाली उच्च आणि त्यापुढे अति उच्च, अशी वर्गवारी आहे. म्हणजे भारत मध्यम गटात, वरच्या गटाच्या उंबरठ्याशी.

घनमूळ कशाला, साधी सरासरी का नाही? २०१० पर्यंत साधी सरासरीच घेत असत. तिच्यात एक खोट होती: उत्पन्न भरपूर असलं की शिक्षणातली पडझड झाकली जायची. गुणाकार केल्यावर एक बाजू लंगडी असली तर सगळाच आकडा खाली येतो. आपलेच तीन आकडे साध्या सरासरीने मांडून पाहा, ०.६९१ येतात. फरक थोडा वाटेल, पण ज्या देशांच्या तीन बाजूंत मोठी तफावत आहे तिथे तो बराच वाढतो.

आता मांडलेलं गणित वाचा. सगळ्यात कमी काय आलं? सरासरी शालेय वर्षं, ०.४६०. परीक्षेत सर्वाधिक चुका होतात त्या इथेच. अपेक्षित वर्षं म्हणजे आज शाळेत पाऊल टाकणारं मूल सध्याच्या परिस्थितीत किती वर्षं शिकेल याचा अंदाज. सरासरी वर्षं म्हणजे पंचवीस आणि त्याहून जास्त वयाच्या लोकांनी प्रत्यक्षात किती वर्षं शिक्षण घेतलं ते. पहिला आकडा तुमच्या धाकट्या भावंडाचा, दुसऱ्यात तुमची आजी आणि आईही मोजलेली. ज्या पिढीच्या मुली चौथीत घरी बसवल्या गेल्या, त्यांचं शिक्षण आजच्या निर्देशांकातही दिसतं. म्हणून आज शाळा सुधारल्या तरी हा आकडा हलायला दोन-तीन दशकं लागतात.

एक तुलना जरूर करा. त्याच अहवालात बांगलादेशचा निर्देशांकही ०.६८५ च आहे. त्यांचं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा कमी, पण आयुर्मान ७४.७ वर्षं, आपल्याहून जवळजवळ तीन वर्षं जास्त. पैसा हातात असणं आणि तो माणसाच्या आयुष्यापर्यंत पोचणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर कारभाराचं आहे. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच.

तिसरी पायरी: सरासरीच्या आत शिरा

देशाचा एक आकडा कितीतरी गोष्टी झाकतो. यूएनडीपी असमानता धरून वेगळा निर्देशांक काढते. त्यात भारताचा आकडा सुमारे ३० टक्क्यांनी घसरतो. महाराष्ट्रातही हेच पाहता येतं. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के. पुरुषांची ८८.३८, स्त्रियांची ७५.८७. मुंबई उपनगर जिल्ह्यात ८९.९१ टक्के, नंदुरबारमध्ये ६४.३८. एकाच राज्यात, एकाच मंत्रिमंडळाखाली पंचवीस टक्क्यांचं अंतर! आकडा लिहिताना वर्ष नेहमी सोबत लिहा. २०११ चा आकडा आजचा म्हणून लिहिणं ही चूक परीक्षक सोडत नाहीत, आणि सोडूही नये.

ही दरी ओळखूनच राज्य सरकारने २००६ साली मानव विकास मिशन सुरू केलं. पुढे ते २२ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत गेलं. आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली, त्यांना शाळेत नेणाऱ्या निळ्या एसटी, गावात अभ्यासिका, गरोदर बायकांसाठी आरोग्य शिबिरं असं त्याचं काम. तुमचा तालुका त्या यादीत असेल तर ही निळी गाडी तुम्ही पाहिली असेल. निर्देशांकातली ‘अपेक्षित शालेय वर्षं’ प्रत्यक्षात अशीच वाढवावी लागतात, सकाळच्या पहिल्या गाडीने.

चौथी पायरी: आकडा कुणाच्या अखत्यारीत आहे ते शोधा

आता राज्यशास्त्राचं पुस्तक उघडा. कायदे करतं ते कायदेमंडळ, ते राबवतं ते कार्यकारी मंडळ, त्यांचा अर्थ लावते आणि वाद सोडवते ती न्यायपालिका. हे तुम्हाला येतं. राज्यसंस्था कायम असते, सरकार निवडणुकीनंतर बदलतं, हेही येतं. इथे जास्त वेळ घालवू नका.

वेळ द्यायचा तो संविधानाच्या सातव्या अनुसूचीला. तिच्यात तीन याद्या आहेत. सार्वजनिक आरोग्य आणि पोलीस राज्यसूचीत. शिक्षण आधी राज्यसूचीत होतं, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आलं, म्हणून केंद्र २००९ साली शिक्षणहक्क कायदा करू शकलं. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, अकरावी अनुसूची जोडली आणि पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले: पिण्याचं पाणी, प्राथमिक शिक्षण, आरोग्य, ग्रामीण रस्ते वगैरे. शहरांसाठी ७४ वी घटनादुरुस्ती आणि १८ विषयांची बारावी अनुसूची.

महाराष्ट्राने ही वाट आधीच धरली होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा वेगळा कायदा आहे.

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो गावात दिसणाऱ्या दोन साखळ्यांचा. पहिली महसुलाची: तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), जिल्हाधिकारी. ही थेट राज्य सरकारची. दुसरी पंचायत राजची: ग्रामपंचायतीत ग्रामसेवक, पंचायत समितीत गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी. या दुसऱ्या साखळीत प्रत्येक पातळीवर निवडून आलेलं माणूसही आहे: सरपंच, सभापती, अध्यक्ष. सातबारा हवा असेल तर तलाठी, जन्माची नोंद ग्रामसेवकाकडे, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, जातीचा दाखला प्रांतांच्या सहीने. जिल्हा परिषदेच्या शाळेचं छप्पर गळतंय म्हणून तहसीलदारांना निवेदन देणारे लोक आजही भेटतात. त्यांचा अर्ज बिचारा टेबलांवरून फिरत राहतो. (२०२४ मध्ये ग्रामसेवकाचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी झालं, गावात जुनीच नावं चालतात, उत्तरपत्रिकेत नवी लिहा.)

निवडून आलेला आणि नेमलेला यांतला फरकही इथेच पक्का करा. सरपंच लोकांना उत्तर देतो, ग्रामसेवक नियमांना आणि वरिष्ठांना. महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ साली आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. आणि २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांच्या आणि महापालिकांच्या निवडणुका रखडल्या तेव्हा बराच काळ एकटे प्रशासक कारभार पाहत होते. कचरा उचलला जात होता, पगार होत होते, पण रस्त्याच्या तक्रारीसाठी नगरसेवकाचं दार नव्हतं. लोकशाहीतला हा फरक पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या काळाने जास्त स्पष्ट दाखवला.

आता सुरुवातीच्या मुलीकडे या. गावातली जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल पलीकडच्या मोठ्या गावात. तिची शाळा सुटली याची कारणं एकेक करून कार्यालयांना जोडा. शाळेच्या वेळेला एसटी नाही: राज्य परिवहन महामंडळाचं आगार. रस्त्यावर खड्डे: ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषद, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. हायस्कूलमध्ये मुलींचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नाही: शाळेची संस्था, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारे माध्यमिक शिक्षणाधिकारी. वाटेत मुलं छेड काढतात: पोलीस ठाणं, म्हणजे राज्याचं गृहखातं. घरी पाणी भरायला कुणी नाही: ग्रामपंचायतीची नळयोजना. बाप लग्नाची घाई करतोय: ग्रामीण भागात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. एका मुलीच्या शिक्षणाशी सहा दारं जोडलेली निघाली. माझ्या मते ही साखळी वहीच्या एका पानावर स्वतः काढणं हा या विषयातला सर्वोत्तम अभ्यास आहे.

पाचवी पायरी: ग्रामसभेत जाऊन बसा

गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा धरतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. या एका नियमामुळे मोजक्या माणसांत ठराव होऊन जातात, म्हणून कोण आलं, किती बायका आल्या, सभा पहिलीच होती की तहकूब, हे टिपून घ्या. अठरा पूर्ण नसतील तर मत देता येणार नाही; सरपंचांना आधी सांगून मागे बसा आणि ऐका.

जाण्याआधी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा पाहून ठेवा. महाराष्ट्रात तो ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने होतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायची, आणि ४० टक्के अबंधित होती. आराखड्यात सिमेंट रस्ते आणि कमानी किती, अंगणवाडी आणि शाळा किती, हे मोजा. निर्देशांकाच्या तीन बाजूंपैकी कुठल्या बाजूला गावाने पैसा लावला ते तुम्हाला लगेच कळेल. राज्यात पंचायतींमध्ये स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. सरपंचबाई बोलतात की त्यांचे यजमान, हेही पाहा. सक्षमीकरणाचा स्तंभ त्यात दिसतो.

शहरात राहत असाल तर ग्रामसभा नाही, पण महापालिकेचं अंदाजपत्रक आहे आणि प्रभाग समिती आहे. त्यात आपल्या प्रभागातल्या दवाखान्याची आणि शाळेची तरतूद शोधा.

आदिवासी भागातल्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने, तिथल्या ग्रामसभेला जास्त अधिकार दिलेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणाच आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी ते एक. बांबू विकण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला आणि त्या उत्पन्नाचं काय करायचं हेही गाव एकत्र बसून ठरवू लागलं. उत्पन्न, निर्णयाचा हक्क आणि शासन एकाच उदाहरणात बघायचं असेल तर मेंढ्याचा अभ्यास करा.

सहावी पायरी: प्रकल्प लिहिताना

एकच आकडा घ्या. ‘माझ्या गावाचा विकास’ असा विषय घेतला की पानं भरतात आणि हाती काही लागत नाही. ‘सातवी पास झालेल्या मुलींपैकी दहावीपर्यंत किती पोचल्या’ असा प्रश्न घ्या. मुख्याध्यापकांना रीतसर पत्र देऊन तीन-चार वर्षांच्या पटसंख्या मागा. मुलींची नावं नकोत, फक्त संख्या. अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्याशी बोला, गावातली घरं त्यांच्याइतकी कुणाला माहीत नसतात. त्यांचा वेळ मात्र दुपारचा, कामं उरकल्यानंतरचा घ्या, आणि त्यांनी सांगितलेलं नाव घालून छापू नका.

कार्यालयातून माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, प्रश्न थोडके आणि नेमके लिहायचे, कुठल्या वर्षाची माहिती हवी ते स्पष्ट करायचं. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, म्हणून प्रकल्प जमा करायच्या तारखेच्या दोन महिने आधी अर्ज टाका. ‘शाळेची दुरवस्था का झाली?’ असं विचारलं तर उत्तर येणार नाही, कारण तो अभिप्राय झाला. ‘२०२३-२४ मध्ये शाळा दुरुस्तीसाठी किती निधी मंजूर झाला आणि किती खर्च झाला?’ असं विचारलं तर द्यावंच लागतं.

लिहिताना आधी आकडा, मग कारणं, मग प्रत्येक कारणासमोर जबाबदार कार्यालय, आणि शेवटी ग्रामसभेत मांडता येईल असा एक ठराव. ठराव चार ओळींचाच असावा आणि त्यात तीन गोष्टी हव्यात: काय हवं, कुठल्या निधीतून, कधीपर्यंत. प्रकल्पाची एक प्रत सरपंचांना आणि एक शाळा व्यवस्थापन समितीला द्या. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा तुमचा आकडा थेट त्या मुलींच्या घरांपर्यंत जाईल.